आसन नव्हे, रांगेतला क्रमांक

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवत नाही, ती येतेच. हाच खेळ अमेरिकेत विमानाच्या दारापाशी अर्धशतकाहून अधिक काळ चालला. पुढे त्यात न्यायालय आले आणि शेवटी गुंतवणूकदारही उतरले. आजचा धागा त्या रांगेविषयी.

आरंभ ३० एप्रिल १९६१ पासून करू. ईस्टर्न एअर लाइन्सने न्यूयॉर्क, बोस्टन आणि वॉशिंग्टन यांना जोडणारी ‘शटल’ सेवा त्या दिवशी सुरू केली. आरक्षण नाही, आसनक्रमांक नाही, तिकिटाचे पैसे विमान उडाल्यावर आत गोळा केले जात. विमान भरले तर उरलेल्यांसाठी दुसरे विमान आणून उभे करायचे, असे कंपनीचे वचन होते. त्यामुळे उशिरा येणाऱ्याचेही फारसे बिघडत नसे आणि रांगेतल्या स्थानाला विशेष किंमत नव्हती. ती किंमत आली टेक्सासमध्ये.

साउथवेस्ट या कंपनीची नोंदणी १९६७ साली झाली, परंतु प्रस्थापित विमान कंपन्यांनी तिला वर्षानुवर्षे न्यायालयात अडकवून ठेवले. अखेर १८ जून १९७१ रोजी डॅलसहून ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियोकडे तिची उड्डाणे सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशांची इतकी चणचण भासली, की चारपैकी एक विमान विकावे लागले. वेळापत्रक मात्र कमी करायचे नव्हते. चार विमानांचे काम तिघांकडून करून घ्यायचे, तर प्रत्येक विमान जमिनीवर उतरल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा निघायला हवे होते!

इथे मोकळ्या आसनव्यवस्थेचा खरा उपयोग कळतो. ज्याच्या तिकिटावर खुर्चीचा क्रमांक छापलेला आहे, तो निवांत येतो. त्याची खुर्ची कुठे पळून जात नाही. ज्याच्याकडे क्रमांक नाही, तो आपल्या पायांनी लवकर दारापाशी येऊन उभा राहतो आणि आत शिरताच मिळेल ती बरी जागा धरतो. प्रवाशाच्या अस्वस्थतेवर कंपनीचे वेळापत्रक चालत होते, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण चूक ठरणार नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत लाडके चिन्ह म्हणजे क्रमांक छापलेले प्लास्टिकचे कार्ड. जो आधी येईल त्याला लहान क्रमांक. मग तीस-तीस जणांच्या गटाने आत बोलावणे. कार्डे दारावर परत घेतली जात आणि पुढच्या उड्डाणाला पुन्हा वाटली जात. २००२ च्या सुमारास ती गेली आणि पासवर ए, बी, सी एवढे एकच अक्षर उरले. गटाच्या आत मात्र क्रमांक नव्हता! परिणामी ‘ए’ मिळालेली माणसेही आपल्या गटात पुढे राहण्यासाठी दारासमोर जमिनीवर बैठक मारून बसू लागली.

मग इंटरनेट आले. उड्डाणाच्या बरोबर चोवीस तास आधी चेक-इन खुले होई, आणि त्या क्षणी जो संगणकापुढे बसलेला असेल त्याला ‘ए’ मिळे. लग्नघरी, सभेत, गाडी चालवताना हे कसे जमावे? ही अडचण ओळखून ‘बोर्डफर्स्ट’ नावाच्या संकेतस्थळाने पाच डॉलर घेऊन दुसऱ्याच्या वतीने चेक-इन करून देण्याचा धंदा मांडला. साउथवेस्टने दावा लावला आणि २००७ साली टेक्सासच्या संघीय न्यायालयाने संकेतस्थळाच्या वापराच्या अटी मोडल्याबद्दल कंपनीच्या बाजूने निकाल दिला. रांगेत दुसऱ्यासाठी उभे राहण्याचे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न एरवी नाक्यावर सुटला असता.

२००६ मध्ये सॅन डिएगोहून निघणाऱ्या काही उड्डाणांवर कंपनीने आसनक्रमांक देऊन पाहिले, पण मन वळले नाही. नोव्हेंबर २००७ पासून अक्षराला क्रमांक जोडला गेला: ए १ ते ६०, बी १ ते ६०, मग सी. दारापाशी क्रमांकांचे खांब उभे राहिले आणि जमिनीवरच्या बैठका संपल्या. लहान मुलांची कुटुंबे ए आणि बी यांच्या मधे आत जात. शेजारची खुर्ची पिशवी ठेवून कोणासाठी राखावी की नाही, यावर मात्र कंपनीने शेवटपर्यंत नियमच केला नाही. भांडणे प्रवाशांनी आपसात मिटवायची.

खरा बदल याच वेळी गुपचूप झाला. पहिले पंधरा क्रमांक महागड्या तिकिटासाठी राखले गेले. २००९ साली ‘अर्लीबर्ड’ आले: दहा डॉलर भरा, चोवीस तासांच्या गर्दीआधीच तुमचे चेक-इन आपोआप होईल. म्हणजे न्यायालयात ज्या सेवेला विरोध केला, तिच्यासारखीच सेवा दोन वर्षांनी कंपनीने स्वतः विकायला काढली! वेळेवर जागे राहणाऱ्याला जे फुकट मिळत होते, त्याच्यापुढे आता पैसे भरलेल्यांची एक रांग उभी राहिली. माझ्या मते मोकळी आसनव्यवस्था तेव्हाच अर्धी संपली होती.

आपल्याकडे २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने असाच मोकळा प्रयोग केला. पहिल्यांदा विमानात बसणारे प्रवासी दार उघडताच धावत, तेव्हा त्यांना वेगळे प्रशिक्षण लागत नव्हते. युरोपात इझीजेटने २०१२ साली आणि रायनएअरने २०१४ साली आसनक्रमांक स्वीकारले.

साउथवेस्ट टिकून राहिली. २०२४ च्या जूनमध्ये एलियट या गुंतवणूक संस्थेने कंपनीतला आपला सुमारे १.९ अब्ज डॉलरचा हिस्सा जाहीर करून नेतृत्वबदलाची मागणी केली. जुलैत कंपनीने मोकळी आसनव्यवस्था बंद करण्याचे जाहीर केले; आपल्या ८० टक्के प्रवाशांना ठरलेली खुर्चीच हवी आहे, असे तिने सांगितले. २७ जानेवारी २०२६ पासून तिथल्या पासवर आसनक्रमांक आला. आत जाण्यासाठी आता आठ गट आहेत, आणि कोण कोणत्या गटात हे मुख्यतः आसन, भाडे आणि कंपनीशी असलेले सभासदत्व यांवरून ठरते.