मर्सिडीज : एका कीर्तीची पाठचिकित्सा

मोटारगाड्या बनविणाऱ्या एका जर्मन कारखान्याचा इतिहास हा वाङ्मयाच्या अभ्यासकांचा विषय कसा काय होतो, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, ‘मर्सिडीज’ हा शब्द आता केवळ एका वाहनाचे नाव उरलेला नाही. कथा-कादंबरीतले एखादे पात्र मर्सिडीजमधून उतरले, एवढे सांगितल्यावर त्याच्या सांपत्तिक स्थितीचे आणखी वर्णन करण्याची गरज लेखकाला भासत नाही. शब्दाला असा रूढार्थ प्राप्त होतो तेव्हा त्यामागे काही घटना असतात, काही आख्यायिका असतात आणि काही जाणीवपूर्वक गाळलेला मजकूरही असतो. रोलाँ बार्थ याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये सित्रोएनच्या नव्या गाडीवर निबंध लिहून मोटारीचेही वाचन करता येते, हे दाखवून दिलेच आहे. प्रस्तुत लेखात आम्ही मर्सिडीजच्या कीर्तीकडे एक संहिता म्हणून पाहणार आहोत. जुन्या पोथीचा अभ्यास करताना आपण मूळ पाठ कोणता, प्रक्षिप्त कोणता आणि गळालेला कोणता हे विचारतो. तेच प्रश्न येथेही विचारावयाचे आहेत.

प्रारंभ नावापासूनच करू. आज जे नाव जगाच्या तोंडी आहे ते संशोधकाचेही नाही आणि कारखानदाराचेही नाही. कार्ल बेंझने मानहाइम येथे तयार केलेल्या तीनचाकी मोटारीसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी एकस्वाचा अर्ज केला. त्याच वर्षी गोटलीब डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी कानश्टाट येथे चारचाकी घोडागाडीला स्वतःचे इंजिन बसविले. दोन्ही गावे एकमेकांपासून फार दूर नव्हती. परंतु दोन्ही प्रयत्न स्वतंत्र होते आणि पुढे दोन्ही कारखाने प्रतिस्पर्धी झाले. ‘डाइमलर-बेंझ’ हे जोडनाव १९२६ साली, पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक ओढाताणीतून झालेल्या विलीनीकरणाने जन्माला आले. डाइमलर तेव्हा हयातही नव्हता. तो १९०० सालीच निवर्तला होता.

‘मर्सिडीज’ हे नाव आले ते एका गिऱ्हाइकाकडून. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधील नीस येथे राहत असे आणि तेथील धनिकांना डाइमलरच्या गाड्या विकत असे. मार्च १९००मध्ये नीसजवळच्या ला तुर्बी येथील घाटाच्या शर्यतीत डाइमलरच्या उंच, अवजड गाडीला अपघात होऊन विल्हेल्म बाउअर हा चालक मृत्युमुखी पडला. शर्यतींचा नाद सोडावा असे कारखान्यात काहींना वाटू लागले. येलिनेकने नेमका उलटा आग्रह धरला : गाडी अधिक लांब, रुंद आणि ठेंगणी करा, तिचा गुरुत्वमध्य खाली आणा. ३६ गाड्यांची साडेपाच लाख सुवर्ण मार्कांची मागणीही त्याने नोंदविली. त्याची एक अट होती. नव्या इंजिनाला त्याच्या मुलीचे, मर्सेडेसचे, नाव द्यावयाचे. मायबाखने रचलेली ही ३५ अश्वशक्तीची गाडी मार्च १९०१मध्ये नीसच्या शर्यतींत उतरली आणि घोडागाडीचा सांगाडा मागे टाकणारी पहिली आधुनिक मोटार म्हणून नावाजली गेली. १९०२ साली हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. पुढच्या वर्षी येलिनेकने स्वतःचे आडनाव बदलून ‘येलिनेक-मर्सेडेस’ असे करून घेतले. मुलीच्या नावावरून बापाने आडनाव घ्यावे, असा हा विरळा प्रकार!

स्पॅनिश भाषेत या शब्दाचा संबंध कृपेशी, दयेशी आहे. नावाचा हा अर्थ आणि नावाने लाभलेले वैभव यांच्या वाट्याला न आलेली एक व्यक्ती मात्र ती मुलगीच होती. १८८९ साली जन्मलेली मर्सेडेस वयाच्या चाळिशीलाही न पोचता १९२९ साली व्हिएन्नात वारली.

येलिनेकच्या कुळाविषयी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण पुढच्या प्रकरणात तिचे महत्त्व आहे. त्याचे वडील आडोल्फ येलिनेक हे व्हिएन्नातील ख्यातनाम ज्यू धर्मगुरू आणि विद्वान होते. त्याचा एक भाऊ गेओर्ग हा कायद्याचा तत्त्वचिंतक, तर दुसरा, माक्स हेरमान, हा जर्मन भाषाशास्त्राचा अभ्यासक. म्हणजे जर्मन उद्योगाचे अभिमानचिन्ह ठरलेले हे नाव ज्यू पंडितांच्या घरातून आलेले आहे.

आता आख्यायिकांकडे वळू. प्रत्येक कीर्तीला अशा कथांची गरज असते आणि त्या सर्वच खोट्या असतात असे नाही. कार्ल बेंझची पत्नी बेर्टा हिने ऑगस्ट १८८८मध्ये नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिशार्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभरएक किलोमीटरचा प्रवास मोटारीने केला. वाटेत व्हीजलोख येथील औषधाच्या दुकानातून तिने इंधन म्हणून लिग्रोईन विकत घेतले. नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. ही कथा इतकी गोड आहे की सांगणारे तिच्यातील ‘धाडसी पत्नी’पाशीच थांबतात. विवाहापूर्वीच बेर्टाने आपल्या हुंड्याची रक्कम उचलून कार्लच्या भागीदाराचा वाटा विकत घेण्यासाठी दिली होती, आणि तिच्या त्या भांडवलावाचून कार्लची कार्यशाळा हातची गेली असती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. प्रवास लक्षात राहिला आणि पैसा विसरला गेला. स्त्रियांच्या कर्तृत्वाच्या कथा सांगण्याची ही रीत आपल्याही वाङ्मयेतिहासाला अपरिचित नाही.

दुसरी आख्यायिका ‘रुपेरी बाणां’ची. १९३४ साली शर्यतीच्या गाड्यांना ७५० किलोग्रॅमची वजनमर्यादा घालण्यात आली. आयफेलच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीजची गाडी एक किलो जास्त भरली. तेव्हा रातोरात पांढरा रंग खरवडून काढला, खालचे चकाकते ॲल्युमिनियम उघडे पडले आणि तेच पुढे बोधचिन्ह झाले, अशी ही कथा संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर याने पुढे लोकप्रिय केली. संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा असे दिसले की ती शर्यत वजनमर्यादेच्या नियमाखाली झालेलीच नव्हती. गाड्या रुपेरी होत्या, मानफ्रेड फॉन ब्राउखिच ती शर्यत जिंकलाही होता. पण रंग खरवडण्याचा प्रसंग बहुधा प्रक्षिप्त आहे. अशा निरुपद्रवी प्रक्षेपाने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु त्याच १९३४ सालच्या जर्मनीत सरकार कोणाचे होते आणि या विजयांचा गाजावाजा कोणासाठी होत होता, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

हिटलर आणि मर्सिडीज यांचा संबंध तो सत्तेवर येण्यापूर्वीचा आहे. १९२४ साली लांड्सबेर्गच्या तुरुंगातून त्याने बेंझचा म्युनिकमधील विक्रेता याकोब व्हेर्लिन याला गाडीसंबंधी पत्र लिहिले होते. पुढे उघड्या टपाच्या मर्सिडीजमध्ये उभा राहून अभिवादन स्वीकारणारा हिटलर हे त्या राजवटीचे ठरावीक चित्र झाले. गाडीच्या नाकावर एका ज्यू धर्मगुरूच्या नातीचे नाव होते, हा त्या चित्रातील उपरोध. पण तो वाचणारे तेव्हा बोलू शकत नव्हते.

याच राजवटीने या कंपनीच्या नावे इतिहासात एक पाठभेद घडवून आणला. व्हिएन्नातील ज्यू संशोधक झीगफ्रीड मार्कुस याच्या मोटारीचा काळ तेव्हा १८७५च्या सुमारास मानला जाई, आणि मोटारीचा जनक म्हणून ज्ञानकोशांत त्याचे नाव येत असे. १९४० साली प्रचारमंत्रालयाने कळविले की, मायर आणि ब्रोकहाउस या ज्ञानकोशांत यापुढे मार्कुसऐवजी डाइमलर व बेंझ यांचा उल्लेख व्हावा. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठासमोरील मार्कुसचे स्मारक हटविण्यात आले. ते १९४८ साली पुन्हा उभे राहिले.

या प्रकरणाला पुढे असे वळण मिळाले की, आमच्या मते प्रत्येक संशोधन-पद्धतीच्या वर्गात त्याची चर्चा व्हावी. युद्धानंतरच्या अभ्यासातून मार्कुसची ती प्रसिद्ध गाडी १८७५ची नसून १८८८-८९च्या सुमाराची, म्हणजे बेंझनंतरची, असल्याचे निष्पन्न झाले. मग प्रचारमंत्रालय बरोबर होते काय? मुळीच नाही. त्याने पुरावा तपासून पाठ दुरुस्त केला नव्हता. माणसाचा वंश पाहून त्याचे नाव खोडले होते. निष्कर्ष योगायोगाने जुळला म्हणून खोडाखोड शुद्ध होत नाही. पाठशुद्धी आणि पाठविध्वंस यांतील फरक निष्कर्षात नसतो, तो मार्गात असतो.

या संहितेतील सर्वांत मोठा गाळलेला भाग माणसांचा आहे. युद्धकाळात हा कारखाना लष्करी मालमोटारी आणि विमानांची इंजिने बनवीत होता. १९४४ साली त्याच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे हे जबरीने आणलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी होते. बर्लिनजवळच्या गेन्सहागेन येथील इंजिनांच्या कारखान्यात रावेन्सब्रुक छावणीच्या स्त्रिया राबत होत्या. हुंडा देऊन मोटार जन्माला घालणारी बेर्टा त्याच वर्षी मे महिन्यात, वयाच्या ९५व्या वर्षी वारली. एकाच वर्षातील या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कीर्तीच्या इतिहासात कोणती स्त्री नावासह राहते आणि कोणत्या स्त्रिया आकड्यांत विरून जातात, हे उमगते.

हा भाग परत कसा आला, हेही पाहण्याजोगे आहे. १९८६ साली मोटारीची शताब्दी साजरी होत असताना कंपनीने स्वतः करवून घेतलेला १९३३ ते १९४५ या काळाचा इतिहास प्रसिद्ध झाला. तो कंपनीला झुकते माप देणारा आहे अशी टीका झाली, आणि १९८७ साली हँबुर्गच्या एका संशोधन-संस्थेने प्रतिवादी ग्रंथच काढला. १९८८मध्ये कंपनीने वेठबिगारीच्या बळींसाठी दोन कोटी मार्क दिले. १९९४ साली या वेठबिगारीवरच केंद्रित असलेला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०००मध्ये जर्मन सरकार आणि उद्योग यांनी मिळून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला. त्यात ही कंपनीही सहभागी होती, आणि २००७पर्यंत सोळा लाखांहून अधिक लोकांना त्यातून रक्कम मिळाली. तोवर युद्ध संपून अर्धशतक उलटून गेले होते आणि असंख्य हक्कदार हयात नव्हते. तरीही या क्रमातून एक गोष्ट दिसते : पहिली आवृत्ती अपुरी होती, ती वाचून कोणीतरी आक्षेप घेतला, आणि त्या आक्षेपामुळे पुढच्या आवृत्तीत गाळलेली पाने आली. चिकित्सक वाचकाचे काम ते हेच.

युद्धोत्तर कीर्तीचा पाया मात्र केवळ विस्मरणाचा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. टक्कर झाली असता गाडीचा पुढचा-मागचा भाग चुरडून आघात शोषील आणि मधली माणसे बसण्याची जागा ताठ राहील, ही बेला बारेन्यी याची कल्पना १९५९च्या मर्सिडीजमध्ये साकार झाली. तोवर जितकी गाडी कठीण तितकी सुरक्षित, अशी समजूत होती. १९७८मध्ये बॉशच्या साहाय्याने चाके न अडकू देणारे ब्रेक आले, १९८१मध्ये एअरबॅग आली. आज सामान्य गाडीतही या सोयी असतात. अपयशांचीही यादी आहेच. १९५५ साली ल मान्स येथे पिएर लव्हेग याची मर्सिडीज गर्दीत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली आणि त्या हंगामानंतर कंपनी दीर्घकाळ शर्यतींपासून दूर राहिली. १९९७मध्ये तिची नवी छोटी गाडी एका स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत चक्क उलटली. आणि १९३६ साली डिझेलची प्रवासी मोटार बाजारात आणणाऱ्या या कंपनीला २०२०मध्ये अमेरिकेत डिझेलच्याच धुराच्या प्रकरणात सुमारे दीड अब्ज डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले.

आपल्याकडे हे नाव प्रथम आले ते श्रीमंतीचे चिन्ह म्हणून नव्हे, तर ओझे वाहणाऱ्या मालमोटारीवर. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला बनलेले ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रक १९६९पर्यंत तो त्रिकोणी तारा मिरवीत देशभर धावले. प्रवासी मोटारी पुष्कळ नंतर, १९९५ साली, टेल्कोच्याच पिंपरी येथील आवारात बनू लागल्या; २००९पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. धाब्यावरच्या ट्रकचालकाची मर्सिडीज आणि बंगल्यासमोरची मर्सिडीज असे शब्दाचे दोन अर्थ आपल्या भाषेत एका पिढीच्या अंतराने आले. पहिला आज जवळजवळ लोपला आहे. शब्दार्थाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी.

२०२२ साली मूळ कंपनीने ‘डाइमलर’ हे नाव सोडून ‘मर्सिडीज-बेंझ ग्रुप’ असे नाव धारण केले. डाइमलरचे नाव आता मालमोटारींच्या वेगळ्या कंपनीकडे आहे. संस्थापकाचे नाव मागे पडून गिऱ्हाइकाच्या मुलीचे नाव पुढे आले. आमच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या कवीची, ग्रंथाची किंवा घराण्याची थोरवी अभ्यासताना हेच करून पाहावे, असे आम्हांस वाटते. थोरवी नाकारण्याची घाई करू नये. पण ती कोणी लिहिली, पैसा कोणाचा होता, राबले कोण आणि कोणाचे नाव खोडले गेले, एवढे चार प्रश्न विचारल्यावाचून ती मान्यही करू नये.