अग्निशमन केंद्राचे अंदाजपत्रक

नवे अग्निशमन केंद्र बांधण्यास किती खर्च येईल, याचा मंजुरीपूर्वी मांडलेला हिशेब. महाराष्ट्रात नगरपरिषदांचे व महानगरपालिकांचे अभियंते तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राज्य दरसूचीच्या आधारे करतात. प्रशासकीय मान्यतेसाठी बहुधा क्षेत्रफळावरून काढलेला ढोबळ आकडा पुरतो. तांत्रिक मान्यतेला मात्र नकाशे, बाबवार मोजमापे आणि दरसूचीत नसलेल्या कामांचे दरपृथक्करण लागते.

केंद्राचा आकार बंबांच्या संख्येवर ठरतो. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषानुसार 3 लाख लोकवस्तीपर्यंत दर 50,000 लोकांमागे एक व त्यापुढे दर लाखामागे आणखी एक बंब हवा. दीड लाखाच्या शहराला म्हणजे तीन; ते एकाच केंद्रात ठेवायचे असतील तर तीन गाळे, शिवाय बचाव वाहनाचा वेगळा.

ढोबळ पद्धत येथेच फसते. समजा, 600 चौ. मी. बांधकाम व चौ. मीटरला 30,000 रुपये असा दर गृहीत धरला, तर मूळ खर्च 1 कोटी 80 लाख होतो. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 32.4 लाख आणि 1 टक्का बांधकाम कामगार कल्याण उपकराचे 1.8 लाख मिळवून बेरीज 2 कोटी 14.2 लाखांवर जाते. आकडा नीटस दिसतो, पण दर साध्या कार्यालयी इमारतीचा असेल तर तो निरुपयोगी. 4,500 लिटरच्या बंबात नुसते पाणीच साडेचार टन असते. ते वजन रोज झेलणारी फरशी म्हणजे कार्यालयातल्या टाइल्स नव्हेत. खाली दाबून बसवलेला भराव आणि वर जाड काँक्रीट लागते. गाळ्यांची उंची जास्त, दारे रुंद, मध्ये खांब चालत नाहीत. त्यामुळे तुळया जड होतात. त्यात भूकंपाचे गणित: आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत अग्निशमन केंद्रासाठी महत्त्व गुणांक 1.5 आहे, साध्या घराला 1. भूकंपानंतर हीच इमारत उभी राहायला हवी, म्हणून सळईवरचा हा जादा खर्च कापण्याजोगा नाही.

काळ्या मातीत पायाचा खर्च बराच बदलतो. माती परीक्षण न करता केलेल्या अंदाजपत्रकावर पुढे सुधारित मान्यता घेण्याची पाळी येते, आणि तोवर काम रखडते. भूमिगत टाकी, विंधन विहीर, होज वाळवण्याचा मनोरा, जनित्र, कवायतीची जागा आणि रस्त्यापर्यंतचे काँक्रीट या बाबी इमारतीच्या क्षेत्रफळात येत नाहीत. त्या स्वतंत्र धराव्या लागतात. विकास आराखड्यातील आरक्षित जागा पालिकेच्या ताब्यात असेल तर जमिनीचा रकाना रिकामा राहतो, नसेल तर भूसंपादनाचा मोबदला बांधकामालाही मागे टाकू शकतो.

निधीसाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांकरिता 5,000 कोटींची योजना सुरू केली. तीत बहुतेक राज्यांना प्रकल्पखर्चाचा 25 टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो.

वेतन अंदाजपत्रकात नसते. आठ तासांच्या तीन पाळ्या व साप्ताहिक सुटी धरता बंबावरच्या प्रत्येक जागेमागे साडेतीन माणसे लागतात, रजा धरून चार. पदे मंजूर नसतील तर नव्या गाळ्यात बंब उभा असतो आणि त्यावर चढायला माणसे नसतात.