कपोतपाद द्राक्ष आणि सावित्रीकांठचा मद्यव्यापार

इ. स. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत महाडजवळच्या पाले गांवाविषयीं एक अनुमान नमूद आहे. 'पेरिप्लस' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक नौकाग्रंथांत कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांमध्यें 'पालैपात्माइ' असें एक नांव येतें. टॉलेमीच्या भूगोलांत त्याच्याशीं जुळणारें 'बालिपट्न' हें नांव आहे. आणि हीं दोन्ही नांवें पाले गांवाचींच असावींत, असें तें अनुमान होय. या अनुमानावर दुसरें एक अनुमान रचण्याचा मोह सहज होतो. पेरिप्लसमध्यें इटलीच्या मद्याचा उल्लेख आहे, पाले हें पेरिप्लसमधील बंदर आहे, तस्मात् इटलीचें मद्य सावित्रीच्या कांठीं उतरत होतें! अध्यापकाच्या पेशांत असतां हा न्याय मींही तळीये, महाड, पोलादपूर या बाजूच्या मुलांना निःशंकपणें सांगितला. मुलांना तो आवडेही. आतां अवकाश मिळाल्यावर त्याची छाननी करणें प्राप्त आहे.

प्रथम मूळ ग्रंथ काय म्हणतो तें पाहूं. पेरिप्लसचा कर्ता अज्ञात असून ग्रंथ इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याचा मानतात. त्याच्या एकूणपन्नासाव्या परिच्छेदांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालाची यादी आहे. यादीच्या आरंभींच मद्य येतें. तें मुख्यत्वें इटलीचें, शिवाय सिरियाच्या किनाऱ्यावरील लाओदिकेयाचें व अरबस्तानचें. राजाकरितां आणावयाच्या नजराण्यांत उंची मद्य निराळें सांगितलें आहे. मलबारांतील मुझिरिसच्या यादींतही मद्य आहे. पण तें फारसें नाहीं, अशी पुस्ती ग्रंथकारानें जोडली आहे. आमच्या किनाऱ्याची हकीकत मात्र वेगळी. कल्याण हें पूर्वीं मान्यताप्राप्त बंदर होतें, परंतु पुढें तेथें अडथळा उत्पन्न झाला आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येऊं लागलीं, असें तो लिहितो. त्यापुढें चौलापासून दक्षिणेकडील बंदरांचीं नुसतीं नांवें येतात. त्यांना तो स्थानिक बाजारपेठा म्हणतो आणि त्यांच्या मालाची यादी देत नाहीं. म्हणजे मद्याचा उल्लेख भडोचचा, आणि पालैपात्माइचें फक्त नांव. मीं वर्गांत या दोहोंची सांगड घातली होती, ती ग्रंथांत नाहीं.

आतां हें इटलीचें मद्य कोणत्या द्राक्षाचें, हा प्रश्न घेऊं. भारतांत सांपडलेल्या रोमन मद्यकुंभांपैकीं कांहींच्या मातींत काळी, चकाकणारी वाळू आढळते. ती ज्वालामुखीच्या राखेंतून आलेली असून नेपल्सच्या आखाताभोंवतालचा काम्पानिया प्रांत हें तिचें उगमस्थान होय. त्या प्रांताच्या द्राक्षांविषयीं सर्वांत विस्तृत माहिती प्लिनीच्या निसर्गेतिहासाच्या चौदाव्या खंडांत आहे. त्यांत 'कोलुंबिना', म्हणजे कबुतराची, अशा नांवाची एक जात येते. आज त्याच प्रांतांत 'पिएदिरोस्सो' म्हणून एक तांबडें द्राक्ष लावतात. या नांवाचा अर्थ तांबडा पाय. स्थानिक बोलींत त्यालाच कबुतराचा पाय म्हणतात. कारण फळ पिकूं लागलें म्हणजे मण्यांचे देठ कबुतराच्या पायासारखे लाल होतात. प्लिनीची कोलुंबिना ती हीच, असें परंपरेनें मानतात. नाम व रूप जुळतात, यापलीकडे त्यास पुरावा नाहीं. दोन हजार वर्षांत वेलीचें नांव एका जातीवरून दुसरीवर जाणें मुळींच अशक्य नाहीं.

येथें संस्कृतज्ञ वाचकांस दोन गोष्टी स्मरतील. आपल्या निघंटुकारांनीं नलिका नामक सुगंधी वनस्पतीस 'कपोतचरणा' हा पर्याय दिला आहे. तिचाच दुसरा पर्याय 'विद्रुमलता', म्हणजे पोवळ्याची वेल, असल्यामुळें लाल रंग हेंच नांवाचें निमित्त असावें. दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. अमरकोशांत द्राक्षाच्या पर्यायांत 'गोस्तनी' हा शब्द आहे, आणि रोमन ग्रंथकार 'बुमास्तुस' नांवाचें एक टपोरें द्राक्ष सांगतात. त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही गाईचा सड असाच करतात. यावरून कोणी उसनवारीचा सिद्धान्त काढूं नये. दोन्ही देशांत गाई दुभत होत्या आणि दोन्हीकडे लांबट मण्यांचीं द्राक्षें होतीं, एवढें कारण मला पुरेसें वाटतें.

पिएदिरोस्सोचें मद्य स्वतंत्रपणें फारसें मिरवलें नाहीं. त्याच प्रांतांतील 'आल्यानिको' हें द्राक्ष तुरट व कठोर. त्याचें मद्य मवाळ करण्यासाठीं कमी तुरट अशा पिएदिरोस्सोची जोड देतात. रोमन कवींनीं ज्याची कीर्ति गाइली त्या फालेर्नियन मद्याचें आजचें तांबडें रूप प्रायः या दोहोंच्या मिश्रणाचें असतें. प्राचीन फालेर्नियन तसेंच होतें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. आमच्या वैद्यकांत जें स्थान अनुपानाला, तेंच मद्यांत या द्राक्षाला आहे, असें म्हटल्यास वाचकांस समजेल.

इ. स. ७९ मध्यें वेसूवियस पर्वताचा स्फोट झाला. पाँपेई गाडलें गेलें. सभोंवतींचे द्राक्षमळे राखेखालीं गेले. प्लिनीही त्याच आपत्तींत मरण पावला. पुढें काम्पानियाच्या कुंभांचें प्रमाण बरेंच घटलें. पाँपेईच्या उत्खननांत राखेंत उरलेल्या मुळांच्या पोकळ्या भरून घेऊन कोणती वेल कोठें होती हें ठरविण्यांत आलें, आणि अलीकडे त्याच जागीं पिएदिरोस्सोसह जुन्या जातींची पुनः लागवड करण्यांत आली. डोंगर खालीं येतो म्हणजे काय होतें, हें या तालुक्यांतील माणसास पुस्तकांतून समजून घ्यावें लागत नाहीं. ता. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. तो वृत्तान्त लिहिण्याचें हें स्थळ नव्हे, आणि तेथील माती पुराव्याच्या हव्यासानें कोणी चाळूं नये, एवढेंच येथें म्हणतों.

मूळ विषयाकडे वळूं. महाराष्ट्रांत मद्यकुंभांचे तुकडे सांपडल्याची नोंद नवी नाहीं. इ. स. १९५४ ते १९५६ या काळांत झालेल्या नेवाशाच्या उत्खननांत ते मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. घारापुरी बेटावरही मिळाले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेंकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ति मिळाली, तिच्याबरोबरची कांस्य सुरई इटलीच्या बनावटीची मानली गेली आहे. तथापि गेल्या कांहीं दशकांत या विषयांत मोठी दुरुस्ती झाली. भारतांत रोमन म्हणून नोंदलेल्या तुकड्यांपैकीं पुष्कळसे रोमन नसून मेसोपोटेमियाकडील निमुळत्या, बिनकानाच्या रांजणांचे आहेत, असें रोबर्टा टॉम्बर या विदुषीनें तुकडे प्रत्यक्ष तपासून दाखविलें. ते रांजण मुख्यत्वें सासानी व आरंभींच्या इस्लामी काळांतले, म्हणजे पेरिप्लसच्या नंतरचे. तेव्हां जुन्या अहवालांतील 'रोमन कुंभ' हे शब्द वाचून कोणी एकदम इटलीपर्यंत धांव घेऊं नये.

आपल्या ग्रंथांची साक्षही विचारांत घेतली पाहिजे. कौटिल्यानें सुराध्यक्षप्रकरणांत मद्याचे अनेक प्रकार सांगितले. त्यांतला 'मधु' तेवढा द्राक्षरसाचा, आणि त्याच्या दोन्ही जाती, कापिशायन व हारहूरक, प्रदेशनामांवरून आलेल्या आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतील बेग्राम. पाणिनीनेंही 'कापिशायन' शब्दाच्या सिद्धीकरितां स्वतंत्र सूत्र केलें आहे. म्हणजे संस्कृत पंडिताच्या दृष्टीनें उत्तम द्राक्षमद्य वायव्येकडून, खुष्कीच्या मार्गानें येई. समुद्रमार्गानें आलेल्या यवनमद्याचा स्पष्ट उल्लेख हवा असल्यास प्राचीन तमिळ काव्याकडे, विशेषतः पुरनानूरुकडे, जावें लागतें.

राहतां राहिलें पाले. स्थळनिश्चयाविषयीं मतैक्य नाहीं. इ. स. १९१२ मध्यें पेरिप्लसचें भाषांतर करणारे शॉफ यांनीं पालैपात्माइ दाभोळास नेलें आणि मांदागोरा हें बंदर सावित्रीच्या मुखाशीं, बाणकोटास ठेविलें. दुसरे कोणी मांदागोरा कुड्याच्या लेण्यांजवळ मांदाडास शोधतात. बाणकोट घेतलें तरी खाडी सावित्रीचीच, आणि भरतीच्या पाण्यावर गलबतें महाडपर्यंत येत, हें तर अलीकडील काळापर्यंत प्रसिद्ध होतें. गांधारपाल्याच्या लेण्यांत कुमार काणभोअ विष्णुपालिताचा दानलेख आहे. लेणें, चैत्यगृह, खोल्या व पाण्याच्या टाक्या यांचें दान त्यांत नोंदलें आहे. येथें संपन्न वस्ती होती आणि वरंध्यासारख्या घाटांनीं देशाशीं दळणवळण होतें, एवढें यावरून मानण्यास हरकत नाहीं. इटलीचें मद्य येथें आलेंच असेल तर तें ग्रीक जहाजांतून न येतां भडोचहून देशी गलबतांतून फेरविक्रीचा माल म्हणून आलें असावें, असें माझें मत आहे; तें सिद्ध होण्यास मात्र कुंभाचा तुकडाच हातीं लागला पाहिजे.

तो कसा ओळखावा, हें पुराच्या पाण्यानें सावित्रीचे व गांधारीचे कांठ ढांसळतात तेव्हां तेथें फिरणाऱ्या विद्यार्थ्यांकरितां लिहून ठेवितों. काम्पानियाच्या कुंभाचा कान दोन वळ्या शेजारीं शेजारीं जोडल्यासारखा दुहेरी असतो. तळ टोंकदार व भरीव. ताज्या तुटीवर भिंगानें पाहिल्यास तांबूस मातींत काळे काचेसारखे कण दिसतात. आंतल्या अंगास राळेचा लेप राहिलेला असूं शकतो. कान नसून आंत डांबराचा जाड काळा थर असेल, तर तो तुकडा मेसोपोटेमियाकडचा समजावा. आपल्या बेसाल्टाच्या वाळूचेही कण काळेच असतात, म्हणून केवळ रंगावरून निर्णय न करितां तुकडा तज्ज्ञांस दाखवावा, आणि तो कोणत्या कांठीं, किती खोलीवर मिळाला तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें.