कागद देशाचे, इमारत मित्रांची

अमेरिकेतल्या ‘प्रेसिडेन्शियल लायब्ररी’त कुणी कादंबरी आणायला जात नाही. तिथे असतात एका राष्ट्राध्यक्षाची पत्रे, टिपणे, मसुदे, ध्वनिफिती. आणि दर्शनी भागात त्याच्या कारकिर्दीचे संग्रहालय. पुण्याचे पेशवे दफ्तर ऐकून माहीत असलेला मराठी माणूस याला सरळ दफ्तरखाना म्हणेल.

पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन पद सोडताना आपले कागद घरी, माउंट व्हर्ननला घेऊन गेले आणि तोच रिवाज पडला. कागद राष्ट्राध्यक्षांच्या मालकीचे. पुढे त्यांचे काय करायचे ते वारसांची मर्जी. चेस्टर आर्थर यांनी मरण्यापूर्वी आपले बहुतेक कागद जाळायला लावले. लिंकन यांच्या मुलाने वडिलांचे कागद सरकारी ग्रंथालयाला दिले, पण आपल्या मृत्यूनंतर 21 वर्षे ते उघडायचे नाहीत, या अटीवर. ते वाचकांच्या हाती आले 1947 साली!

ओहायोत रदरफर्ड हेज यांच्या नावाची लायब्ररी 1916 सालीच उघडली होती, पण तिचा केंद्र सरकारशी संबंध नव्हता. आजच्या पद्धतीचे जनक फ्रँकलिन रूझवेल्ट. 1938 साली त्यांनी आपला बेत जाहीर केला: हाइड पार्कच्या कौटुंबिक मालमत्तेतली 16 एकर जमीन द्यायची, इमारत देणग्यांतून बांधायची आणि कागदांसकट सगळे सरकारच्या स्वाधीन करायचे. इमारतीचे कच्चे रेखाटनही त्यांचेच. पदावर असतानाच स्वतःचे स्मारक उभारतोय, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नव्हती. पण या हौसेपायी कागद वाचले. 1941 साली दारे उघडली आणि 1955 साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, याच व्यवहाराला कायद्याचे रूप दिले.

मात्र कागद देणे अजूनही ऐच्छिकच होते. निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणातल्या राजीनाम्यानंतर आपल्या ध्वनिफितींवर हक्क सांगितला, तेव्हा कुठे काँग्रेस खडबडून जागी झाली. 1978 च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे दस्तऐवज देशाच्या मालकीचे ठरले. 1981 साली पदावर आलेल्या रेगन यांच्यापासून तो लागू झाला.

दारावरचे नाव मात्र साहेबांचेच राहिले, आणि बांधकामाचा पैसा त्यांच्या चाहत्यांचा. त्यामुळे तळघरातले दफ्तर एक सांगते आणि वरचे संग्रहालय दुसरेच, असे होते. निक्सन यांच्या कॅलिफोर्नियातल्या खासगी संग्रहालयात वॉटरगेट त्यांच्या सोयीने मांडले होते. 2007 साली ते सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आले आणि 2011 साली ते दालन नव्याने, पुराव्यांनिशी उभे राहिले. माझ्या मते या संस्थांच्या इतिहासातले ते सर्वांत चांगले काम.

दफ्तर आणि संग्रहालय एकाच ठिकाणी असते असेही नाही. फोर्ड यांनी कागद ॲन आर्बरला ठेवले आणि संग्रहालय ग्रँड रॅपिड्सला, नाव दोन्हींवर. ओबामांनी तर नावातून ‘लायब्ररी’ काढूनच टाकली. शिकागोतल्या त्यांच्या वास्तूचे नाव ‘प्रेसिडेन्शियल सेंटर’. मूळ कागद अभिलेखागाराकडेच. गंमत म्हणजे, शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेला याच संकुलात जागा दिली आहे.