आईच्या दुधात कोणती जीवनसत्त्वं असतात? बाळाला वरून काय द्यावं लागतं?

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग डॉक्टर ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब का लिहून देतात? कारण दूध पूर्णान्न असलं तरी त्यातली सगळी जीवनसत्त्वं सारखी नसतात.

के : आईच्या दुधात हे फार कमी असतं आणि बाळाच्या अंगातही साठा नसतो. त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जन्मल्याबरोबर मांडीत १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. प्रसूती घरी झाली असेल तर ते राहिलं नाही ना, हे जरूर पाहा.

ड : बाळाची रोजची गरज ४०० युनिट. एक लिटर दुधातून साधारणपणे १०० युनिटही मिळत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण कमी असतात, त्यामुळे नुसत्या उन्हावर भागत नाही. पहिलं वर्षभर थेंब द्यावेत.

ब-१२ : खरी काळजी इथे आहे. आईच्या अंगात कमी, तर दुधातही कमी. डिंकाचे लाडू, अळीव, शेपू चांगलेच, पण त्यात ब-१२ नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी आईने गरोदरपणातच तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. बाळ मलूल झालं, हसेनासं झालं, धरलेली मान पुन्हा टाकू लागलं, हात थरथरू लागले किंवा बोटांची पेरं काळवंडली, तर ‘होईल बरं’ म्हणत थांबू नका. उपचाराला उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

अ, ब-१, क : यांचं प्रमाणही आईच्या जेवणावर ठरतं. पिवळसर चिकात ‘अ’ भरपूर असतं, तो पिळून टाकू नये. नुसता पांढरा भात आणि ‘आंबट नको, भाजी नको’ असं कडक पथ्य बाळंतिणीला लावू नये.

फोलेट : हे दुधात सहसा कमी होत नाही, पण त्यासाठी आईचा साठा खर्ची पडतो.

सहा महिने पूर्ण झाले की दुधासोबत मऊ वरण-भात, नाचणीची खीर, कुस्करलेली भाजी-फळं, चालत असेल तर अंडं सुरू करावं. वर्षाच्या आत मध मात्र चाटवू नये. नवव्या महिन्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटचा पहिला डोस सरकारी लसीकरणात मोफत मिळतो.