पोटातल्या वाऱ्याचा माग

हरभरा, वाल, पावटा ही कडधान्ये वातूळ, हे घरोघरी ठाऊक असते. पण हा वारा पोटात येतो कोठून? असा प्रश्न निघताच वर्ग हसतो आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर मिळायला दीडशे वर्षे लागली.

१८१६ साली माझांदी या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये देहदंड झालेल्या कैद्यांच्या पचनमार्गातील वायू गोळा केले. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांचे पृथक्करण केले. जठरात थोडा ऑक्सिजन सापडला, आतड्यात तो नव्हता. तेथे कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि ज्वलनशील वायू होते. जठरातला ऑक्सिजन गिळलेल्या हवेतून आला असे म्हणता येईल, पण ज्वलनशील वायू हवेतून येणे शक्य नव्हते. ते आतच तयार होत असले पाहिजेत. पुढे १८६० च्या सुमारास रूगे या संशोधकाने माणसांचा आहार बदलून पाहिला. दुधाच्या आहारावर हायड्रोजनचे प्रमाण जास्त आढळले, कडधान्यांवर मिथेनचे.

यानंतर शंभर वर्षांनी अवकाशयात्रेमुळे हा प्रश्न निकडीचा झाला, कारण बंद यानात ज्वलनशील वायू साठून चालत नाही. अमेरिकेत डोरिस कॅलोवे आणि एडविन मर्फी यांनी १९६० च्या दशकात कडधान्ये खाल्लेल्या व्यक्तींच्या उच्छ्वासातील हायड्रोजन मोजला. आपल्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू करतात. त्यातला काही रक्तात शिरून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. म्हणून उच्छ्वास तपासला की आतड्यात काय चालले आहे ते कळते. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्यामुळे त्या न पचता पुढे जातात आणि जीवाणूंना आयते अन्न मिळते. दूध न सोसणाऱ्यांच्या बाबतीत लॅक्टोज या शर्करेचे असेच होते.

खरे आश्चर्य मात्र पुढेच होते. १९७५ साली मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्यात आरगॉन वायू सोडून आतला सगळा वायू बाहेर काढला व मोजला. पोट फुगते, दुखते अशी तक्रार असणाऱ्यांच्या पोटात निरोगी माणसांपेक्षा जास्त वायू नव्हता. दोन्ही गटांत तो सरासरी २०० मिलिलिटरच्या आसपास होता. वायू पुढे सरकण्यात अडथळा आणि आतड्याची संवेदनशीलता, या गोष्टी वायूच्या प्रमाणाइतक्याच महत्त्वाच्या ठरल्या.

घरगुती उपायांकडे आता नीट पाहता येते. कडधान्य भिजवून पाणी टाकले की काही शर्करा त्याबरोबर जातात (थोडी जीवनसत्त्वेही जातात, हे खरे). मोड आणल्यावर अंकुरणारे बी याच शर्करा स्वतःच्या वाढीसाठी वापरते, म्हणून मोडाची उसळ सोसते. दह्यात लॅक्टोज कमी असतो, शिवाय दह्यातले जीवाणू तो पचवायला मदत करतात. ओवा आणि हिंग यांत आतड्याचे स्नायू सैल करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे; त्यांनी वायू तयार होणे थांबते असे मात्र नाही. शतपावलीच्या बाजूनेही पुरावा आहे. हलक्या व्यायामाने आतड्यातील वायू लवकर पुढे सरकतो, असे बार्सिलोनातील संशोधकांना २००४ साली आढळले. चरकसंहितेने तर न अडवण्याच्या वेगांत अधोवाताची गणना केलीच आहे.

वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा सततचे दुखणे असेल, तर ओव्यावर न थांबता डॉक्टरांकडे जावे. एरवी वाताच्या भीतीने कडधान्ये सोडण्याचे कारण नाही. ज्या मुलांच्या ताटात प्रथिनांचा मुख्य आधार डाळ-उसळच आहे, त्यांच्या बाबतीत तर हे आवर्जून सांगायला हवे. पुढच्या वेळी वर्ग हसला, तर हसून झाल्यावर एवढेच विचारावे: जो वायू आपण गिळला नाही, तो आला कोठून?