झाडतोडीची मजुरी : ठाणे जिल्ह्यातील घासाघिशीचा इतिहास

झाड तोडण्याच्या कामाचा दर ठरवताना होणारी घासाघीस हा वरवर पाहता काम सांगणारा आणि काम करणारा यांच्यातला किरकोळ व्यवहार वाटतो. परंतु महाराष्ट्रातील जंगलांच्या इतिहासात या व्यवहाराचा निकाल बोलण्याच्या चातुर्यापेक्षा नकार देण्याच्या ताकदीवर लागत आलेला दिसतो. सौदा मोडून उठून जाणे ज्याला परवडते, त्याचा शब्द टिकतो. ज्याला ते परवडत नाही, त्याला समोरच्याने सांगितलेला दर मुकाट्याने घ्यावा लागतो.

ही विषमता मराठी राज्यकर्त्यांच्या ध्यानात आली होती, याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त सापडतो. आरमारासाठी लागणारे सागवान राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावे, आंबा आणि फणस यांना मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असे तेथे बजावले आहे. एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झाले असेल, तरीही धन्याला राजी करून आणि पैसे देऊनच ते न्यावे, जबरदस्ती करू नये, अशी आज्ञा आहे. येथे गिऱ्हाईक म्हणजे खुद्द राज्यसत्ता असल्यामुळे मालकाच्या संमतीला असे लेखी संरक्षण देणे आवश्यक ठरले. मात्र या आज्ञेचा विषय झाडाचे मोल हा आहे. कुऱ्हाड चालवणाऱ्याची मजुरी तिच्या कक्षेत येत नाही.

तो प्रश्न ब्रिटिश अमदानीत तीव्र झाला. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांवरील सरकारी मालकी पक्की केली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीनुसार वनखाते ‘कूप’, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा, लिलावात काढी आणि सर्वाधिक बोली लावणारा ठेकेदार तो घेई. लिलावाची रक्कम एकदा ठरली की ती कमी होण्याजोगी नसे आणि लाकडाचा भाव बाजारावर अवलंबून असे. त्यामुळे ठेकेदाराला नफा वाढवण्यासाठी हाताशी असलेली मोठी बाब म्हणजे झाडे पाडणे, ओंडके करणे, ते रचणे आणि कोळशाच्या भट्ट्या लावणे या कामांची मजुरी, आणि तिच्यावरच तो हात मारी.

त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत हे काम प्रामुख्याने वारली आदिवासी करीत, आणि त्यांच्या बाबतीत घासाघीस म्हणावी असे काही घडतच नसे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी सावकाराकडे स्वतःला बांधून घेणाऱ्या ‘लग्नगडी’ मजुरांची आणि वेठबिगारीची नोंद डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात केली आहे. ज्याचे श्रम आधीच गहाण पडले आहेत, त्याने दर नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

हे चित्र १९४५ पासून पालटले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेत संघटित झालेल्या वारल्यांनी कर्जापोटीची बांधिलकी आणि वेठ झुगारून प्रथम ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये हा दर मागितला. त्याच लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी हीच रीत जंगलकामाला लागू करून त्यांनी दिवसाला किमान सव्वा रुपया मागितला आणि तो मिळेपर्यंत कुऱ्हाडी खाली ठेवल्या. कूप रिकामा करण्याला ठेक्याची मुदत असल्यामुळे थांबलेल्या कामाचा प्रत्येक दिवस ठेकेदाराचे नुकसान वाढवीत होता. एकट्या मजुराच्या हाती नसलेले हे शस्त्र सामूहिक नकाराने प्रथमच चालू लागले. महिन्याहून अधिक काळ चाललेल्या संपानंतर लाकूड व्यापाऱ्यांना मागितलेला दर मान्य करावा लागला.

याच सुमारास, १९४७ च्या आसपास, मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. ठेकेदाराला वगळून मजुरांच्या संस्थेलाच लिलावाविना कूप द्यावा, मजुरी ठरलेल्या दराने चुकती करावी आणि नफ्याचा वाटा संस्थेकडे ठेवावा, अशी ही योजना होती. त्यामुळे दराची बोलणी एकेका मजुराच्या दारातून उठून दरपत्रकात गेली. परंतु काही ठिकाणी संस्थेच्या नावाआड जुना ठेकेदारच कारभार पाहत राहिला. दर कागदावर आला म्हणून तो आपोआप पाळला जात नाही, आणि तो पाळून घेण्यासाठी लागणारी ताकद मजुराला दरपत्रकाने नव्हे, कर्जातून झालेल्या सुटकेने आणि संघटनेने दिली, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.